माफीचा हिशेब

डिसेंबरची थंडी पडली की जळगावच्या बाजाराला मेहरूणच्या बोरांचे वेध लागतात. मेहरूण आता वेगळे गाव उरलेले नाही; तलावासकट ते शहराच्या पोटात गेले. बोराने मात्र गावाचे नाव सोडलेले नाही. या शिवारात लहानपण काढलेल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा, दुसऱ्याच्या बांधावरच्या बोरीला आपण कधी दगड मारला नाही असे सांगणारा सापडायचा नाही. राखणदार ओरडायचा, पोरे पळायची, एखादे हाती लागायचे, त्याच्या पाठीत धपाटा बसायचा आणि खिशातली बोरे खिशातच राहायची. गुन्हा, शिक्षा आणि माफी हा सगळा व्यवहार पाच मिनिटांत उरकायचा. त्यावर कोणी ग्रंथ लिहीत बसत नाही.

एकाने मात्र लिहिला. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी सोळा वर्षांच्या एका मुलाने मित्रांना घेऊन रात्री शेजारच्या बागेतले नासपतीचे झाड झोडपले. पोटात भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. हा मुलगा पुढे बिशप झाला. संत ऑगस्टीन म्हणून जग त्याला ओळखते. चाळिशी ओलांडल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात त्याने या फालतू चोरीवर पानेच्या पाने खर्ची घातली. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर इतकी शाई कशाला, असे वाचताना वाटते. पण ऑगस्टीनला छळणारा प्रश्न फळांचा नव्हताच. गरज नसताना मी हे का केले, हे विचारता विचारता मी कोण आहे, या प्रश्नापाशी तो येऊन थांबला. चुकलेले पोर, दडवलेली गोष्ट, कबुली, माफी आणि त्या वाटेवर सापडलेला स्वतःचा चेहरा, हा सांगाडा पाश्चात्त्य कुमार-कादंबरी आजही वापरते. त्याचे एक मूळ त्या नासपतीच्या झाडाखाली आहे.

हा विषय काढण्याला तारखेचेही निमित्त आहे. नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, साने गुरुजींचा जन्मदिवस असतो. गुरुजी १८९९ मध्ये कोकणात पालगडला जन्मले, पण त्यांना गुरुजी केले ते खानदेशाने. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० च्या सत्याग्रहात उडी घेईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या, अस्ताव्यस्त अंथरुणे ते एक शब्द न बोलता स्वतः आवरून ठेवत आणि मुले ओशाळत, ही आठवण अमळनेरकर अजून सांगतात. ही आठवण हाताशी ठेवू, पुढे लागेल.

गुरुजींनी मुलांसाठी ‘गोड गोष्टी’ नावाची माला लिहिली. तिच्यात ‘मनूबाबा’ आणि ‘दुःखी’ ही दोन पुस्तके आहेत. मनूबाबा म्हणजे जॉर्ज इलियटची ‘सायलस मार्नर’ आणि दुःखी म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’. मूळ कादंबऱ्या एका वर्षाच्या अंतराने आल्या, १८६१ आणि १८६२. दोन्हींच्या हाडांत ख्रिस्ती विचार मुरलेला आहे. गंमत म्हणजे इलियटबाईंनी तरुणपणीच चर्चला जाणे सोडले होते, तरी बायबल त्यांच्या लेखणीतून सुटले नाही. पालगडच्या ब्राह्मण घरातला, गीतेवर पोसलेला, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेणारा हा शिक्षक मराठी मुलांना द्यायला नेमक्या याच गोष्टी उचलतो. क्षमेबद्दल त्याला जे सांगायचे होते, ते या गोष्टींत तयार होते असे आम्हाला वाटते.

ते काय, हे कळायला आधी शब्दाकडे पाहावे लागते. क्षमा हा पोथीतला शब्द. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सगळे सोसते म्हणून. रोजच्या बोलण्यात आपण ‘माफ कर’ म्हणतो, आणि अलीकडे तर ‘सॉरी’ म्हणून मोकळे होतो. माफी हा शब्द मात्र खानदेशातल्या शेतकऱ्याला वेगळ्याच दारातून भेटतो: कर्जमाफी. २००८, २०१७, २०१९ अशी सालेच त्याच्या तोंडपाठ आहेत. आणि त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. सोसायटीच्या वहीतून ते निघते तेव्हा सरकारी तिजोरीच्या वहीत जाऊन बसते. कोणीतरी ते भरतेच.

ख्रिस्ती धर्मातली क्षमेची कल्पना नेमकी या वहीच्या भाषेत मांडलेली आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पापासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ ऋण. त्याच शुभवर्तमानात एका चाकराचा दाखला आहे. राजाचे दहा हजार तलांतांचे कर्ज त्याच्या अंगावर असते. सात जन्मांत फिटायचे नाही एवढे. राजा ते सोडून देतो. बाहेर पडल्यावर त्याला शंभर दीनार देणे असलेला सोबती भेटतो, आणि हा त्याचा गळा धरतो. ही गोष्ट ऐकताना आपल्याकडच्या माणसाला सावकार आठवल्याशिवाय राहत नाही. दाखल्याचा रोख असा की मोठे कर्ज सुटले तेव्हा ते राजाने स्वतःच्या अंगावर घेतले, हे त्या चाकराच्या ध्यानातच आले नाही. माफी फुकट मिळाली म्हणजे ती फुकट होती, असे त्याने धरले. वधस्तंभाचा ख्रिस्ती अर्थही हाच: ऋण माफ करणाऱ्याने भरले. श्रद्धा असो वा नसो, कादंबरी वाचताना हा हिशेब कामाला येतो. एखाद्या पात्राने दुसऱ्याला माफ केले, तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे पाहायचे. लेखक खरा की नुसता गोडबोल्या, ते तिथे कळते.

ह्यूगोच्या गोष्टीत खर्च उघड्यावर आहे. पावाच्या चोरीसाठी पाच आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांसाठी चौदा अशी एकोणीस वर्षे भोगून ज्याँ वालज्याँ सुटतो. कोणी दारात उभे करीत नाही. एक म्हातारा बिशप त्याला जेवू घालतो, अंथरूण देतो, आणि हा पहाटे त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात तेव्हा बिशप म्हणतो, ही मीच दिली, आणि या समया न्यायला विसरलास की. इथवरची गोष्ट शाळेतल्या कुठल्याही पोराला माहीत असते. पाठ्यपुस्तकातला उतारा बहुधा इथेच संपवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. कारण वालज्याँ या क्षणी बदलत नाही. बाहेर पडल्यावर तो वाटेत भेटलेल्या एका लहानग्याचे चाळीस सूचे नाणे पायाखाली दाबतो आणि पोराला हाकलून देतो. माफी मिळाल्यानंतरची ही चोरी! पोर रडत दूर गेल्यावर तो भानावर येतो, पाय उचलतो, नाणे दिसते, मुलाला हाका मारीत धावतो. पोर सापडत नाही. मग एकोणीस वर्षांत प्रथमच तो रडतो. स्वतःची ओळख त्याला तिथे पटते.

क्रम बघा. आधी माफी, मग पुन्हा चूक, मग ओळख. आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत क्रम उलटा असतो. आधी पश्चात्ताप दाखव, माफीनामा लिहून दे, त्यावर पालकांची सही आण, मग बघू. माफीनामा लिहिणाऱ्या पोराला त्यातून फक्त माफीनामा लिहायचा कसा ते कळते. बिशपने पश्चात्तापाची वाट पाहिली नाही. आपल्या चांदीवर पाणी सोडले. वसतिगृहातली अंथरुणे न बोलता आवरणारा अमळनेरचा शिक्षक हेच करीत होता. फरक इतकाच की त्याची चांदी म्हणजे त्याचा वेळ आणि त्याची पाठ.

याच कादंबरीत माफी न पेलणारा माणूसही आहे. इन्स्पेक्टर जाव्हेरने आयुष्यभर वालज्याँचा माग काढला. तोच वालज्याँ हाती सापडलेल्या जाव्हेरला जिवंत सोडतो. कायद्याच्या वहीत या नोंदीला रकाना नाही. जाव्हेर सेन नदीत उडी घेतो. आपल्याला कोणी तरी माफ केले, हे सहन करणेही सोपे नसते. तरुण वाचकाला ही बाजू मोठ्यांपेक्षा लवकर कळते, कारण उपकाराखाली अवघडणे त्याच्या रोजच्या अनुभवातले असते.

‘सायलस मार्नर’ याहून शांत आणि आमच्या मते याहून कठीण पुस्तक आहे. सायलस हा विणकर. त्याच्या पंथाच्या मंडळीत चोरी होते. जिवलग मित्रच त्याला अडकवतो. देवाचा कौल म्हणून चिठ्ठ्या टाकतात आणि कौलही त्याच्याविरुद्ध लागतो. माणसावरचा आणि देवावरचा, दोन्ही विश्वास एका दिवसात तुटतात. दुसऱ्या गावी जाऊन तो पंधरा वर्षे माग चालवतो आणि सोन्याची नाणी मोजतो. एक दिवस तीही चोरीला जातात. त्यानंतर नववर्षाच्या आदल्या रात्री, बर्फात आई मेलेली एक पोरकी मुलगी रांगत त्याच्या चुलीपाशी येते. मंद दृष्टीच्या सायलसला तिचे पिवळे केस आधी परत आलेले सोनेच वाटतात.

सोळा वर्षांनी त्या मुलीचा जन्मदाता, गावातला प्रतिष्ठित जमीनदार, दारात येतो. इतकी वर्षे लपवले, आता भरपाई करतो, घरी चल, म्हणतो. मुलगी नाही म्हणते. तिच्या मनात सूड नाही, अपशब्दही नाही. वाढवले ज्याने तो माझा बाप, एवढेच. कबुली दिली म्हणून गेलेले परत मागण्याचा हक्क मिळत नाही, हे इलियटने अठरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून सांगितले. आणि सायलसवर खोटा आळ घेणाऱ्या मित्राचे काय? म्हातारपणी सायलस खुलासा मागायला जुन्या गावी जातो, तर त्या मंडळीच्या प्रार्थनाघराच्या जागी कारखाना उभा. कोणी माफी मागत नाही, कोणी आळ पुसत नाही. तो परत येतो आणि उरलेले न कळलेलेच राहील, हे मान्य करतो. किशोरांसाठीच्या गोष्टीत शेवटी सगळे उलगडलेच पाहिजे असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. गुरुजींनी निवडलेल्या या गोष्टीला तो नियम ठाऊक नाही.

आता त्यांचे स्वतःचे पुस्तक. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले. बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस प्रकरणे. त्यांतल्या एका रात्रीचे नावच ‘क्षमेविषयी प्रार्थना’ आहे, आणि दुसऱ्या एका रात्रीचे ‘मोठा होण्यासाठी चोरी’. पुस्तकांच्या ओढीने केलेल्या चोरीची ती गोष्ट. ऑगस्टीनच्या नासपतींची मराठी बहीणच. पण खरा धागा याहून खोल आहे. गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि ज्या आईची तो क्षमा मागतो आहे ती गेलेली आहे. द्यायला कोणी उरले नाही, म्हणून तो रात्रीमागून रात्री कबुली देत राहतो. ऑगस्टीनच्या आत्मकथनातही मुलासाठी अश्रू ढाळणारी आई मोनिका आहे, आणि तिच्या मृत्यूपाशी येऊन त्याचे चरित्र थांबते. एकाने दुसऱ्याचे वाचले असेल की नसेल, तो प्रश्न आम्ही काढत नाही. ‘श्यामची आई’ला रडके पुस्तक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते एकदा कबुलीजबाब म्हणून वाचून पाहावे.

खानदेशाचा दुसरा तरुण नायक मुळीच रडत नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ‘कोसला’ लिहिली. पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला शिकायला जातो. वडिलांचे पैसे मित्रांवर, मेसवर, कॉलेजातल्या उचापतींवर उडवतो आणि हात हलवीत गावी परततो. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला ज्याने ऐकला आहे, त्याला ही वाट ओळखीची वाटेल. तिथलाही पोरगा वाटणी घेऊन दूर देशी जातो, सगळे उडवतो, डुकरे राखायची पाळी येते, तेव्हा त्याला शुद्ध येते. मूळ ग्रीकमध्ये तो ‘स्वतःत आला’ अशा अर्थाचे शब्द आहेत. स्वतःत आलेला तो घराकडे वळतो, माफीचे भाषण घोकत येतो, आणि बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो. भाषण पुरे होऊ देत नाही.

‘कोसला’त कोणी धावत येत नाही. करारी बाप करारीच राहतो. त्यात मनी, पांडुरंगाची लहान बहीण, देवीच्या आजाराने जाते, आणि या मृत्यूबद्दल कोणाला दोषी धरायचे, कोणाला माफ करायचे, हेच त्याला उमगत नाही. तो अजिंठ्याला जातो. तिथे येशू नाही, बुद्ध आहे. माफीविना स्वतःचा शोध घेत सुटलेल्या तरुणाचे इतके प्रामाणिक चित्र मराठीत क्वचितच असेल. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांच्या आड लपणारी त्याची भाषा आम्हाला मिठी न मिळालेल्या पोराची भाषा वाटते. नेमाड्यांना हा अर्थ मानवणार नाही, हे ठाऊक असूनही आम्ही तो मांडतो.

ख्रिस्ती श्रद्धेतून तरुण मनाची कथा सांगण्याचा मराठीतला पहिला प्रयत्न याहून फार जुना आहे: बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७. यमुना ही तरुण मुलगी नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटोवाट विधवांचे हाल पाहते आणि शेवटी स्वतः विधवा होऊन ख्रिस्ती धर्मात आणि नव्या संसारात येते. कादंबरी म्हणून ती प्रचाराच्या ओझ्याखाली वाकलेली आहे. या श्रद्धेची जास्त जिवंत गोष्ट कादंबरीबाहेर, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. पुढे त्या परत आल्या, १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, आणि हे सारे त्यांनी नवऱ्याला हसत, रागे भरत लिहिले. त्यांनी माफ केले हे त्या कुठेही जाहीर करीत नाहीत. विनोदाच्या सुरावरून ते कळते. या घराचा धागा जळगावपर्यंत येतो. १९०७ मध्ये इथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्याचे कौतुक झाले, तो बालकवी झाला, आणि हा हळवा, रुसका पोर पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते.

इथे एक आक्षेप ऐकून घ्यायला हवा, कारण तो रास्त आहे. ‘जाऊ दे, माफ करून टाक’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा दुबळ्याला ऐकवले जाते. मार खाल्लेल्या सुनेला, जातीवरून अपमान झालेल्या पोराला, वर्गात छळ सोसणाऱ्या मुलीला. अशा वेळी माफीचा खर्च आधीच लुटलेल्या माणसाच्या खात्यावर पडतो, आणि तो टाकणारा तिसराच कोणीतरी असतो. ख्रिस्ती लेखकांच्या कुमार-कादंबऱ्याही या खड्ड्यात पडतात. शेवटच्या प्रकरणात घाईघाईने मिठ्या मारल्या जातात.

यावर सातपुड्यापलीकडची एक खरी घटना बोलकी आहे. मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना बसमध्ये भोसकले. न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. चार वर्षांनी तो सुटला. माफी झाली, पण खटला मागे घेतला गेला नाही, मारेकऱ्याने वर्षे भोगली, आणि माफ कर असे बहिणीला सांगायला कोणी पंच बसले नव्हते. किंमत तिने स्वतः ठरवली आणि स्वतः मोजली. क्षमेला न्यायाचा पर्याय समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि ग्रंथपालांना आमची एक विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गात क्षमेवर निबंध लिहायला देऊ नका. त्याऐवजी ‘मनूबाबा’ वाचायला द्या, मग मूळ गोष्टीचा शेवट सांगा, आणि विचारा की ती मुलगी बापाबरोबर गेली नाही हे बरोबर की चूक. उत्तरांना गुण देऊ नका. पालकसभेत पालकांनाही एक विचारा: घरातल्या पोराची माफी तुम्ही शेवटची केव्हा मागितली? मोठ्यांनी मुलाची माफी मागण्याचा प्रसंग आमच्या कुमार साहित्यात इतका दुर्मीळ आहे की पोरांना तो परीकथेतला वाटावा.

पुस्तक मिळत नाही, ही सबब चालणार नाही. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली आणि त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्कही संपला. ‘मनूबाबा’ आणि ‘दुःखी’ आज मेहरूणची कोणतीही शाळा कोणालाही न विचारता छापू शकते.